एकच ओपनिंग, एकच डाव: क्लबात नव्याने खेळणाऱ्यांसाठी इटालियन

बुद्धिबळाच्या क्लबात खेळायला लागल्यावर पहिल्या महिन्यात सगळे हाच प्रश्न विचारतात, ओपनिंग (डाव सुरू करायची ठरलेली पद्धत) कुठली शिकू? मग कुणी सिसिलियन सांगतं, कुणी लंडन सांगतं, आणि चार व्हिडिओ बघून डोक्यात नुसता गोंधळ होतो. माझं मत सांगतो, बरीच वर्षं क्लबात खेळून आणि नवीन मुलांना शिकवून झालेलं मत आहे. पांढऱ्या मोहऱ्यांनी इटालियन घ्या, आणि ती पाठ करून नाही तर स्वतःच्या एका डावातून शिका. एक डाव नीट उकलला ना तर त्यातून जेवढं कळतं तेवढं पन्नास लाइनी घोकून कळत नाही.

म्हणून खाली मी माझाच एक डाव घेतलाय. क्लबातल्या एका काकांशी खेळलेला, एकोणीस चालींचा. मी जिंकलो, पण डाव पाहिल्यावर बहुतेकांना वाटतं की चौदाव्या चालीला घोड्याचा बळी दिला तिथे जिंकला, आणि ते तसं नाहीये. त्याचं बी सहाव्या चालीलाच पेरलं गेलं होतं. ते का, हेच तुम्हाला पायरी पायरीने दाखवायचंय.

पट समोर मांडून घ्या. खरंच मांडा, मनातल्या मनात वाचू नका, नवीन असताना तर अजिबातच नको.

पायरी १: चाली लिहायला आणि वाचायला शिका

पटावर उभ्या ओळींना ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच अशी नावं आणि आडव्या ओळींना १ ते ८ आकडे, पांढऱ्याच्या बाजूने मोजायचे. पांढऱ्याचा राजा सुरुवातीला ई१ वर असतो आणि वजीर डी१ वर. देवनागरीत लिहिताना ए आणि ई यात घोळ होतो तो सांभाळा, ए म्हणजे पांढऱ्याच्या डाव्या हाताची शेवटची ओळ, ई म्हणजे राजाची ओळ. मोहऱ्यांसाठी मी घो, उं, ह, व, रा असं लिहितोय आणि प्याद्याला काहीच अक्षर नाही, नुसतं घर. मारलं की ×, शह दिला की +, आकड्यापुढे तीन टिंबं असली की ती काळ्याची चाल, आणि ! म्हणजे उत्तम चाल. राजाच्या बाजूचं कॅसलिंग (एकाच चालीत राजा दोन घरं हत्तीकडे आणि हत्ती राजाच्या पलीकडे) म्हणजे ०-०.

क्लबात क्लासिकल (लांब वेळेचा) डाव असला की दोघांनीही चाली लिहायच्या असतात, फिडेचा, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेचा, नियमच आहे. आधी चाल खेळायची आणि मग लिहायची, आधी लिहून ठेवून विचार करत बसायचं नाही. घड्याळात पाच मिनिटांपेक्षा कमी उरली आणि प्रत्येक चालीला निदान तीस सेकंद वाढून मिळत नसतील तरच लिहायची सक्ती सुटते. सुरुवातीला हे ओझं वाटतं. पण लिहिलेलं नसेल तर घरी जाऊन बघणार काय? मी नवीन मुलांना पहिल्या दिवशी ओपनिंग नाही शिकवत, पेन देतो हातात.

बाकी नियमांपैकी नवीन लोक ज्यात हमखास अडकतात ते तीन. मोहरा हात लावून उचलला तर तोच खेळावा लागतो, नुसता सरळ करायचा असेल तर आधी तसं तोंडाने सांगायचं. कॅसलिंग करताना आधी राजाला हात लावायचा, हत्तीला नाही, कारण आधी हत्तीला हात लावलात तर त्या चालीला त्या बाजूला कॅसलिंग करता येत नाही, आणि सगळं एकाच हाताने करायचं. आणि बरोबरीचा प्रस्ताव द्यायचा असेल तर चाल खेळल्यावर, घड्याळ दाबायच्या आधी. मोबाइल बाहेर ठेवा, हे सांगायला नको.

पायरी २: पहिल्या चार चाली, आणि प्रत्येकीचं कारण

१. ई४ ई५
२. घो एफ३ घो सी६
३. उं सी४

इथपर्यंत आलात की झाली इटालियन. खूप जुनी ओपनिंग आहे, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रेको नावाच्या इटालियन खेळाडूने यातले हल्ले लिहून ठेवले होते आणि ते आजही क्लबात लोक खातात. पहिलं प्यादं मध्यावर जागा घेतं आणि वजीर-उंटाची वाट उघडतं, घोडा ई५ च्या प्याद्यावर येतो, आणि उंट सी४ वरून थेट एफ७ कडे बघतो. एफ७ महत्त्वाचं कशाला तर सुरुवातीला त्या प्याद्याला फक्त राजाचाच आधार असतो, दुसरं कुणी नाही. बस, एवढंच लक्षात ठेवा, तिसरी चाल आयुष्यात विसरणार नाही.

काळा इथे साधारण दोनपैकी एक खेळतो, उं सी५ किंवा घो एफ६. आमच्या डावात उं सी५ झालं, त्याला जुओको पियानो म्हणतात, इटालियन भाषेत अर्थ ‘शांत डाव’. नाव शांत आहे, पुढचं सगळं शांत असेलच असं नाही.

३... उं सी५
४. सी३ घो एफ६

सी३ ही चाल नवीन लोकांना पटत नाही. मोहरा बाहेर काढायचा सोडून हे छोटं प्यादं कशाला, आणि वर घोड्याचं सी३ घर पण गेलं. कारण असं की पुढे डी४ खेळायचंय, आणि तिथे काळ्याने मारलं तर प्याद्यानेच परत मारता यायला पाहिजे, म्हणजे ई४ आणि डी४ अशी दोन प्यादी शेजारी शेजारी मध्यावर उभी राहतात. ही जोडी इटालियनचा जीव आहे. काळा म्हणतो ठीक, तुम्ही एक चाल प्याद्यात घालवलीत ना, मी तेवढ्यात घोडा काढून ई४ वर मारा लावतो.

आता पाचव्या चालीला दोन रस्ते फुटतात. डी३ खेळून हळूहळू जायचं, आजकाल मोठे ग्रँडमास्टर जास्त करून तेच खेळतात, किंवा डी४ खेळून सरळ मध्य उघडायचा. नवीन खेळाडूने पहिलं वर्षभर डी४ खेळावं असं मला मनापासून वाटतं. डी३ वाईट नाही, पण त्यात पंधरा-वीस चाली मोहरे इकडून तिकडे न्यायचे असतात आणि का नेतोय ते नवख्याला कळत नाही. डी४ मध्ये चूक केली की लगेच दिसते, तुमची असो नाहीतर समोरच्याची.

पायरी ३: सहावी चाल, जिथे क्लबातले अर्धे डाव ठरतात

५. डी४ ई×डी४
६. सी×डी४

इथे थांबा. पट नीट बघा. काळ्याचा सी५ वरचा उंट माराखाली आहे, पांढऱ्याची दोन प्यादी मध्यावर आहेत आणि दोघंही पुढे सरकायला टपलेली आहेत. काळ्याने काय खेळावं?

बरोबर उत्तर उं बी४+. शह आहे म्हणजे पांढऱ्याला त्याचं काहीतरी करावंच लागतं, प्यादं पुढे ढकलायला सवड नाही, आणि त्या मिळालेल्या वेळात काळा लवकरच डी५ खेळून पांढऱ्याची जोडी फोडतो. काळ्याचा सगळा खेळ या एका शहावर उभा आहे.

काकांनी खेळलं ६... उं बी६.

क्लबात हे इतकं होतं की मोजदाद नाही, कारण ते साहजिक वाटतं. उंटावर मारा आला, उंट मागे घेतला, तिरकी रेघही तीच राहिली, चुकलं काय? चुकलं हे की पांढऱ्याला एक मोकळी चाल मिळाली आणि मध्यावरची प्यादी आता घोड्यांना हाकलत सुटणार.

७. डी५ घो ए५

घोडा ई७ ला गेला असता तर ८. ई५ ने दुसऱ्या घोड्यालाही हलावं लागतं आणि मग पांढरा डी६ खेळून काळ्याचा सगळा डाव आवळून टाकतो. काकांनी घोडा काठावर नेला, माझ्या उंटावर मारा लावत. काठावरच्या घोड्याला घरं कमी असतात हे सगळ्यांना माहीत असतं पण इथे ते प्रत्यक्ष बघा.

८. उं डी३

आता ए५ वरचा घोडा कुठे कुठे जाऊ शकतो ते बोट ठेवून मोजा. सी६ वर गेला तर डी५ चं प्यादं खातं. सी४ वर गेला तर उंट खातो. बी३ वर गेला तर ए२ चं प्यादं खातं. बी७ वर त्याचंच प्यादं बसलंय. म्हणजे घोड्याला एकही सुरक्षित घर नाही, आणि मी पुढच्या चालीला बी४ खेळलो की घोडा गेला. समोरच्याचं हे लक्षात आलं नाही, त्याने नुसतं कॅसलिंग केलं, तर आठ-नऊ चालीत एक मोहरा फुकट. मी शिकवलेल्या मुलांना असे कितीतरी डाव मिळालेत.

काका अनुभवी, त्यांनी ओळखलं.

८... सी५

आता बी४ ला सी५ चं प्यादं मारतं. घोडा वाचला. पण बी६ वरच्या उंटाकडे बघा, त्याच्या नाकासमोर स्वतःचंच प्यादं आलं. त्याची सगळी तिरकी रेघ बंद. हा उंट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणारे.

(नवीन असाल तर इथे आणखी एक गोष्ट बघून घ्या. काळ्याचं प्यादं सी७ वरून दोन घरं उडी मारून माझ्या डी५ च्या प्याद्याशेजारी आलं, म्हणजे पुढच्याच चालीला मी ते सी६ वर जाऊन मारू शकतो, एन पासां. नियमाने चालतं. पण मारून काय होतं तर काळा डी७ च्या प्याद्याने परत मारतो, त्याच्या सी८ च्या उंटाची वाट उघडते आणि बी६ चा उंटही मोकळा होतो. मारता येतं म्हणून मारायलाच पाहिजे असं काही नसतं.)

पायरी ४: माझी चूक, आणि ती का झाली

९. ०-० डी६

पटकन कॅसलिंग करा, हा नियम लहानपणापासून डोक्यात बसलेला, हात आपोआप राजाकडे गेला. आणि हीच डावातली माझी सगळ्यात मोठी चूक.

खेळायला हवं होतं ९. डी६! परत मांडून बघा ही पोझिशन. पांढरं प्यादं डी६ वर जाऊन बसलं की काळ्याचं डी७ चं प्यादं जागच्या जागी अडकतं. ते अडकलं की सी८ चा उंट बाहेर येऊ शकत नाही. बी६ चा उंट सी५ मुळे आधीच कोंडलेला. वर ई५ ची धमकी आहे, म्हणजे एफ६ च्या घोड्यालाही पळावं लागणार. दोन उंट आणि एक काठावरचा घोडा असे काळ्याचे तीन मोहरे डावाबाहेर, आणि त्याबदल्यात मी काहीच दिलेलं नाही.

त्याऐवजी मी कॅसलिंग केलं आणि काकांनी लगेच स्वतःच डी६ खेळून टाकलं, सी८ च्या उंटाला वाट मिळाली, आणि माझी ई५ ची धमकीही बोथट झाली. माझा डाव अजूनही बरा होता पण खूप बरा होता तो नुसता बरा झाला. नियम चुकीचा नाहीये, राजा सुरक्षित करायचाच असतो. पण त्या क्षणी माझ्या राजाला कसलाच धोका नव्हता, एकसुद्धा काळा मोहरा त्याच्याकडे बघत नव्हता, आणि समोरच्याला मोकळं व्हायला फक्त एक चाल हवी होती. ती मी दिली. म्हणून आता मी कॅसलिंग करण्याआधी स्वतःला विचारतो की समोरच्याला आत्ता कुठली एक चाल सगळ्यात जास्त हवी आहे, आणि ती मला बंद करता येते का.

पायरी ५: मधल्या चाली

१०. एच३ ०-०
११. घो सी३ ए६
१२. उं जी५ एच६
१३. उं एच४ जी५

एच३ मुळे काळ्याचा उंट जी४ वर येऊन माझ्या घोड्याला पिन करू शकत नाही. काळ्याचं ए६ पुढे बी५ खेळायला. उं जी५ ही पिन आहे, एफ६ चा घोडा हलला तर मागचा डी८ वरचा वजीर जातो. हे सगळं नेहमीचं, यावर फार वेळ घालवत नाही.

पण तेरावी चाल बघा. पिनचा वैताग आला म्हणून काकांनी जी५ ढकलून उंटाला हाकललं. कॅसलिंग केलेल्या राजासमोरची प्यादी अशी पुढे ढकलणं ही क्लबातली दुसरी नेहमीची चूक. ते प्यादं परत मागे आणता येत नाही, घोडा-उंट चुकीच्या जागी गेला तर परत आणता येतो, प्यादं नाही. मी निमूटपणे उं जी३ खेळेन असं त्यांनी धरलं होतं, आणि खरं सांगायचं तर माझा हातही पहिल्यांदा तिकडेच चालला होता.

पायरी ६: बळी देण्याआधी काय मोजायचं

पुढचं वाचायच्या आधी पाच मिनिटं पटाकडे बघा. पांढरे: रा जी१, व डी१, हत्ती ए१ आणि एफ१, उंट डी३ आणि एच४, घोडे सी३ आणि एफ३, प्यादी ए२, बी२, डी५, ई४, एफ२, जी२, एच३. काळे: रा जी८, व डी८, हत्ती ए८ आणि एफ८, उंट बी६ आणि सी८, घोडे ए५ आणि एफ६, प्यादी ए६, बी७, सी५, डी६, एफ७, जी५, एच६.

मी काय मोजलं ते सांगतो. काळ्या राजाच्या मदतीला कोण येऊ शकतं? एफ६ चा घोडा, पण तो उंटामुळे खिळलेला राहणार. ए५ चा घोडा पटाच्या पार दुसऱ्या टोकाला, तीन-चार चाली लागतील. बी६ चा उंट सी५ च्या मागे कोंडलेला, तो इकडे येऊच शकत नाही. ए८ चा हत्ती आणि सी८ चा उंट अजून घरात. म्हणजे राजा, वजीर, एक हत्ती आणि एक खिळलेला घोडा. आणि माझ्याकडून कोण येऊ शकतं? जी५ वर उंट, वजीर एफ३ वर, सी३ चा घोडा ई४ वरून, आणि डी३ चा उंट ई५ झाल्यावर मोकळा.

माझे चार हल्लेखोर, त्यांचे धड दोन राखणदार. एवढं झाल्यावर मग चाली मोजायला बसलो.

१४. घो×जी५ एच×जी५
१५. उं×जी५ रा जी७
१६. व एफ३ ह एच८

घोडा देऊन दोन प्यादी घेतली आणि पिन आता पक्की, कारण उंटाला हाकलायला काळ्याकडे प्यादंच उरलं नाही. पंधराव्या चालीला काळ्याने सी४ खेळायला पाहिजे होतं असं मला घरी बघताना दिसलं. माझ्या उंटावर मारा, आणि मुख्य म्हणजे बी६ च्या उंटाची रेघ उघडते, तो डी४ वरून ई५ ला येऊन एफ६ च्या घोड्याला आधार देऊ शकतो. तसं झालं असतं तर मला बराच घाम गाळावा लागला असता. म्हणजे बघा, या बळीत दम होता तो त्या एका कोंडलेल्या उंटामुळे. सहाव्या चालीला तो बी४ वर शह देऊन बदलला गेला असता तर असा उंट कोंडून पडलाच नसता, आणि चौदाव्या चालीला मला घोडा द्यायचं धाडसही झालं नसतं.

१७. ई५ डी×ई५
१८. घो ई४

प्यादं दिलं फक्त ई४ घर रिकामं करायला. आता एफ६ वर माझे तीन मोहरे आहेत, उंट, वजीर, घोडा, आणि राखायला त्यांचे दोनच, राजा आणि वजीर. घोड्याने घोडा मारला तर मी उंटाने त्यांचा वजीर घेतो.

१८... रा एफ८
१९. उं×एफ६

उंट एकाच वेळी डी८ च्या वजिरावर आणि एच८ च्या हत्तीवर. वजिराने उंट मारला तर घोडा वजीर मारतो. काकांनी हात पुढे केला, आणि मग आम्ही दोघं अर्धा तास तिथेच बसून डाव परत मांडत होतो. डाव संपल्यावर समोरच्याबरोबर असं बसायला मिळालं तर कधीच नाही म्हणू नका, हरला असाल तर नक्कीच नाही. त्याने कशाची भीती बाळगली होती हे कुठलंच इंजिन (चाली तपासणारा संगणक प्रोग्रॅम) तुम्हाला सांगत नाही.

पायरी ७: घरी डाव कसा तपासायचा

आधी इंजिन बंद. डाव पटावर परत खेळा आणि प्रत्येक चालीपुढे अर्धी ओळ लिहा, मला काय वाटलं होतं. ‘इथे घाबरलो’, ‘इथे दिसलंच नाही’ असंही चालेल. माझ्या वहीत नवव्या चालीपुढे लिहिलं होतं ‘कॅसलिंग, नेहमीसारखं’ आणि ते वाचूनच मला संशय आला, कारण बाकी सगळ्या चालींपुढे काहीतरी कारण होतं आणि इथे नुसती सवय.

मग ओपनिंगपुरतं एकच शोधा, दोघांपैकी कोण पुस्तकी वाटेवरून आधी बाहेर पडलं आणि कुठल्या चालीला. लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर ओपनिंग एक्सप्लोरर फुकट आहे, त्यात चाली टाकत गेलं की दिसतं. आमच्या डावात ती सहावी चाल. मग तेवढ्या एका चालीवर वेळ घाला, पुढच्या वेळी समोरच्याने बरोबर चाल खेळली तर मी काय खेळणार आणि परत चुकीचीच खेळली तर यावेळी आणखी चांगलं काय.

शेवटी इंजिन लावा, पण कोण किती पुढे हा नुसता आकडा बघून उठू नका. अधिक दीड, उणे दोन यातून काही शिकायला मिळत नाही. तुमच्या मनात आलेली चाल तुम्ही स्वतः खेळा आणि स्टॉकफिश (असंच एक इंजिन) त्याला काय उत्तर देतं ते बघा. मी उं जी३ खेळलो असतो तर? नवव्या चालीला एन पासां मारलं असतं तर? असे चार-पाच प्रश्न विचारले की त्या पोझिशनची ओळख होते, आणि ती ओळखच पटावर कामाला येते.

पायरी ८: बाकी काय काय येऊ शकतं

सगळं नाही सांगत, क्लबात पहिल्या काही महिन्यांत जे समोर येईल तेवढंच.

३... घो एफ६ आलं तर त्याला टू नाइट्स म्हणतात. इथे ४. घो जी५ खेळून एफ७ वर दुहेरी मारा लावायचा मोह होतो. त्यावर डी५, ई×डी५ नंतर काळ्याने घोड्याने डी५ मारलं तर घो×एफ७ चा भयंकर हल्ला आहे, त्याला फ्राइड लिव्हर म्हणतात. पण माहीतगार काळा घोड्याने मारतच नाही, घो ए५ खेळून उंटाला हाकलतो आणि एका प्याद्याच्या बदल्यात मोहरे झरझर बाहेर काढतो. नवीन असाल तर ४. डी३ खेळा, काही बिघडत नाही.

३... घो डी४ आलं तर सावध. ई५ चं प्यादं फुकट दिसतं, घेऊ नका. घेतलंत तर ४. घो×ई५ व जी५ ५. घो×एफ७ व×जी२ ६. ह एफ१ व×ई४+ ७. उं ई२ घो एफ३ आणि मात, सात चालीत घरी. ऑनलाइन ब्लिट्झमध्ये (झटपट डावांत) हा सापळा सारखा लावतात. साधं ४. घो×डी४ ई×डी४ ५. ०-० खेळा, तुमचा डाव छान.

३... डी६ किंवा ३... एच६ सारखी दबकी चाल आली तर विचार न करता ४. डी४. जागा मिळतेय ती घ्या.

आणि काळ्या मोहऱ्यांनी तुमच्यासमोर इटालियन आली तर काय करायचं ते आता तुम्हाला माहीत आहे, सहाव्या चालीला उंट मागे नाही न्यायचा, शह द्यायचा.

पायरी ९: परतीचा डाव

महिन्याभराने त्याच काकांशी परत गाठ पडली, मी परत पांढरा. पाच चाली अगदी त्याच. सहाव्या चालीला ते बराच वेळ थांबले आणि उंट बी४ वर ठेवला, शह. घरी त्यांनीही वही उघडली होती तर.

मी ७. उं डी२ खेळलो. इथे ७... घो×ई४ आलं तर काय ते मी पाहून ठेवलं होतं, ८. उं×बी४ घो×बी४ ९. उं×एफ७+ रा×एफ७ १०. व बी३+ आणि बी४ चा घोडा परत मिळतो. पण ते त्यात शिरले नाहीत. (खाली घोबी म्हणजे बी ओळीतला घोडा, कारण डी२ वर दोन्ही घोडे जाऊ शकतात.)

७... उं×डी२+
८. घोबी×डी२ डी५
९. ई×डी५ घो×डी५

आणि आली ती पोझिशन जिथे मला डी४ वर एकटं प्यादं सांभाळायचंय, शेजारी आधाराला दुसरं प्यादं नाही, काळ्याचा घोडा त्याच्या बरोब्बर समोर डी५ वर ठाण मांडून. बदल्यात माझे मोहरे मोकळे, ई ओळ हत्तीसाठी उघडी, व बी३ खेळून डी५ आणि एफ७ वर एकदम दाब. अशा एकट्या प्याद्याचा नियम साधा आहे, ते ज्याच्याकडे असतं त्याने मोहरे बदलायचे नाहीत आणि हल्ला करायचा, ज्याच्याकडे नसतं त्याने एकेक करून मोहरे बदलत जायचं म्हणजे शेवटी प्यादं कमजोर पडतं. काकांनी तेच केलं, चार मोहरे बदलले, आणि बेचाळीस चालींनंतर बरोबरी. त्या डावाच्या वहीत सतराव्या चालीपुढे मी लिहिलंय, ‘वजीर बदलायला नको होता’. सध्या तेवढी एक चाल घेऊन बसलोय.